दमा गेला कुठी होता

धानाच्या शेतात, रोवण्याच्या बांधीत, मनकर्णाचं गाणं अर्ध्यावर थांबलं, तेव्हा बायांना वाटलं ती पुढची ओळ विसरली.

नागभीडपासून दोन कोसांवरच्या त्या गावात मनकर्णाला गाणं विसरताना कुणी पाहिलं नव्हतं. धानाच्या रोवण्याला बायांची रांग उभी राहिली की पहिली ओळ तिनं उचलायची आणि बाकीच्यांनी ती पुढं न्यायची, ही पंधरा-वीस वर्षांची रीत. तिचा आवाज गोड नव्हता, पण लांब होता. एका दमात ती ओळ अशी ताणायची की या बांधाच्या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत सगळ्यांचे हात त्या ओळीवर चालत. त्या दिवशी मात्र ती चिखलात नुसती उभी राहिली. हातात धानाच्या रोपांची, पऱ्ह्यांची जुडी, तोंड उघडं, आणि आवाज काही येईना.

"काय झालं वो मनकर्णाबाई?" शेजारच्या नीलाबाईनं विचारलं.

मनकर्णानं हात हलवून काही नाही म्हटलं. मग खोकली. खोकला थांबेना. आठवड्यापूर्वी तिला सर्दी-ताप येऊन गेला होता, त्यातलाच राहिला असेल म्हणून ती धुऱ्यावर जाऊन बसली. बायांनी दुसरीला गायला लावलं. मनकर्णा गुडघ्यांवर कोपर टेकून, पुढं वाकून बसली होती. ती अशी का बसली, ते तिचं तिलाही ठाऊक नव्हतं. अंगानंच ती बैठक घेतली होती. आणि ती बैठक ध्यानात आल्यावर ती झटकन ताठ झाली.

कारण या बैठकीशी तिची जुनी ओळख होती.

मनकर्णाचं माहेर आरमोरीकडलं. पोरपणी तिला दमा होता. पळालं की यायचा, थंडीत यायचा, कधी काही कारण नसताना यायचा. छातीत सीटी वाजायची, खांद्यांची हाडं वर-खाली व्हायची. मग तिची माय तिला ओसरीच्या खांबाला टेकवून बसवायची, आणि बाप धोत्र्याची सुकी पानं जाळून धूर द्यायचा. धूर दिला की मोकळं व्हायचं. पोरगी उठून पुन्हा खेळायला जायची, जसं काही झालंच नाही. पुढं तेराव्या-चौदाव्या वर्षी दमा यायचा थांबला. का थांबला, कुणाला कळलं नाही. मायबापांनी त्याची चौकशी केली नाही. वर्षभर वाट पाहिली, आणि नागभीडकडचं स्थळ आलं तेव्हा दम्याचा शब्द न काढता पोरगी सोमाजीच्या घरी दिली. निघताना माय कानाशी एवढंच म्हणाली, "गेलेल्या गोष्टीचं नाव नको घेऊ."

मनकर्णानं नाव घेतलं नाही. घ्यायची वेळही आली नाही. थोरल्या मुखरूच्या वेळी दिवस भरत आले असताना चार-आठ दिवस छातीत बारीक सीटी वाजली होती. सासू म्हणाली, लेकरू वर सरकलं. पुढं पोरीच्या वेळी तेवढंही झालं नाही. पोरगी मोठी होऊन वडशाला दिली, मुखरूचं लग्न झालं, मनकर्णा चाळिशीला टेकली. चिखल तुडवला, ओझी वाहिली, गाणी म्हटली. पोरपणीचा तो दमा जणू दुसऱ्याच कुण्या पोरीला झालेला होता.

म्हणून धुऱ्यावर बसल्या-बसल्या ती विचार करत राहिली. तोच आहे का हा? पण तो असा नव्हता. त्याची सीटी वाजायची, हा नुसता खोकला होता, आणि छातीवर कुणी ओला पाट ठेवल्यासारखं जड. तो झटक्यात यायचा, झटक्यात जायचा. हा संध्याकाळी घरी आला, चुलीपाशी बसला, सकाळी आंगण झाडताना सोबत होता. पंधरा दिवस रेंगाळला आणि एक दिवस गेला. घरच्यांना सांगावं तर सांगायचं काय? माझा जुना दमा आला म्हणावं, आणि हे दुसरंच काही निघालं तर? उगाच मेलेल्या मायबापांचं नाव खराब व्हायचं. ती गप्प राहिली.

हे त्रेपन्न सालच्या पावसाळ्यातलं. मुखरूचं लग्न त्याच वैशाखात झालं होतं.

मुखरूची बायको रंभा सावली गावाकडची. हाडापेरानं थोराड, बोलायला फटकळ, आणि हसली की तळ्यापर्यंत ऐकू जावं अशी. सासूसमोर हळू हसावं हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, आणि मनकर्णालाही ते शिकवावंसं वाटलं नाही. दोघी धान सडायला बसल्या की घरात दंगा असायचा. सोमाजी ओसरीवरून ओरडायचा, "अवं, मुसळ हळू मारा, भिंत पडन!"

दिवाळीनंतर धानाची मळणी, चुरणा लागला आणि दमा पुन्हा आला. या वेळी नीट आला. बैल खळ्यात फिरत होते, तणसाची धूळ उन्हात तरंगत होती, आणि मनकर्णाला श्वास आत घेता येत होता पण बाहेर टाकता येत नव्हता. रंभानं तिला उचलूनच घरी आणलं.

मग उपाय सुरू झाले. जंगलातल्या मुळ्या देणारा पोचू वैदू आला. त्यानं कसलीशी मुळी उगाळून दिली, आणि दुसऱ्या दिवशी बरं वाटलं. पुढच्या खेपेला तीच मुळी, तोच पोचू, गुण काही नाही. अडुळशाचा रस झाला, मिरी-मध झाला. दही, केळं, आंबील बंद झाली. मनकर्णानं महिनाभर दह्याकडे पाहिलं नाही, तरी दमा आला. मग एका लग्नात चुकून पानात कढी पडली. ती खाऊन ती दिवसभर घाबरून बसली, तर त्या दिवशी श्वास असा मोकळा की काय सांगावं! तिनं धोत्र्याची पानं स्वतः आणली, कुणी नसताना धूर घेतला. पोरपणी ज्या धुरानं छाती सुटायची, त्यानंच आता ती ठसकून लाल झाली. तेव्हा तिला पक्कं वाटलं की हा तो नव्हे. आठ दिवसांनी पहाटे जाग आली तर छातीत ओळखीची बारीक सीटी वाजत होती. पुन्हा सगळा गोंधळ.

आणखी एक गोष्ट तिच्या ध्यानात आली होती, पण ती कुणाजवळ बोलण्यासारखी नव्हती. बाहेर बसायचे दिवस जवळ आले की दम वाढायचा. दर वेळी नाही, पण बरेचदा. छातीचा आणि त्या गोष्टीचा काय संबंध, म्हणून तिनं तो विचार झटकून टाकला.

याच दिवसांत रंभा विचित्र वागू लागली.

आधी तिनं डोक्याला तेल लावणं सोडलं. माहेरून आणलेली वासाच्या तेलाची बाटली होती, फार आवडीची. ती एकदम दिसेनाशी झाली. मग तिनं आपली नव्या कापसाची वाकळ उचलून कोठ्यात, गुरांपाशी नेऊन टाकली. जेवताना लांब बसू लागली. मनकर्णाला ठसका लागला की पूर्वी धावत येणारी पोरगी आता दारातूनच मुखरूला हाक मारायची आणि आंगणात निघून जायची. हसणं तर संपलंच. मुसळाचा आवाज तेवढा यायचा.

मनकर्णानं याचा एकच अर्थ लावला. गावात दोन वर्षांपूर्वी एक बाई क्षयानं गेली होती. खोकून-खोकूनच गेली. पोरीला वाटत असेल, सासूलाही तेच झालं. तरणी पोरगी आहे, भीणारच. असं स्वतःला समजावूनही मनकर्णाला ते लागलं. आपल्या पाण्याचा गडवा तिनं वेगळा ठेवायला घेतला आणि रंभा पाहील अशा जागी ठेवला. रंभानं पाहिला. तिचे डोळे भरले. मनकर्णाला वाटलं, दया येते तिला. त्या दयेचाही राग आला.

संक्रांतीला रंभा माहेरी गेली, ती परत आलीच नाही. मुखरू दोनदा आणायला गेला. एकदा म्हणाली अंगात बरं नाही, दुसऱ्यांदा म्हणाली पुढच्या महिन्यात येते. मुखरू घरी येऊन बैलांवर ओरडायचा.

आणि खरी पंचाईत पुढंच होती. रंभा गेली आणि मनकर्णाचा दम सुटला. माघ गेला, फाल्गुन गेला, छाती पोरीसारखी हलकी. मोहफुलं वेचायला ती पहाटे रानात जाऊ लागली, भरली टोपली डोक्यावर घेऊन परत येऊ लागली. नीलाबाई तिला वाटेत पाहून म्हणाली, "पाह्य बाई, मी म्हणत नव्हती?"

"काय म्हणत होती?"

"काई नाई," म्हणून नीलाबाई फुलं वेचत पुढं सरकली.

त्या दिवशी जेवताना मनकर्णानं मुखरूजवळ मन मोकळं केलं. "तुह्या बायकोले मले क्षय झाला वाटते, म्हणून ते येत नाई. येऊ नको म्हण. मी नाई रागावत."

मुखरूनं घास पानात टाकला. "क्षय? माय, कोणं सांगतलं तुले क्षय?"

"मंग काऊन गेली?"

"तुह्यासाठी गेली ना वो ते!" मुखरू उठूनच उभा राहिला. "नीलाबाईनं तिच्या डोक्यात भरवलं. 'तू या घरात पाय ठेवला अन् तुह्या सासूचा दम दाटला, इतक्या वर्षांत तिले काई झालं नोतं,' म्हणे. मंग हिनं तेल सोडलं, वाकळ टाकली, गुरापाशी झोपली. काई उपेग नाई झाला, म्हणून गेली. मले शपथ घातली होती सांगू नको म्हणून. आता तू बरी हायस. ते म्हणते, पाह्य, खरं निघालं."

मनकर्णानं सोमाजीकडे पाहिलं, तर त्यानं मान खाली घातली. त्यालाही ते खरं वाटत होतं की काय?

आणि तिचं स्वतःचं काय? पुढचे कितीतरी दिवस तिनं स्वतःला हाच प्रश्न विचारला. आपल्याला हे पोरपणी होतं हे तिला एकटीला ठाऊक. मग पोरीचा दोष नाही हे उघड होतं. पण पंचवीस वर्षं जो आला नाही, तो बरोबर रंभा आल्यावरच कसा आला? आणि ती गेल्यावर कसा गेला? ती चुलीपुढं बसून मुद्दाम रंभाचा चेहरा डोळ्यांपुढं आणायची, आणि छाती आवळते का पाहायची. कधी काहीच व्हायचं नाही. कधी आवळल्यासारखी वाटायची. मग तिला स्वतःची लाज वाटायची, आणि लाजेनंही छाती आवळायचीच.

जेठ महिन्यात, ऊन तापलेलं असताना, दमा परतला. रंभा तिकडे लांब माहेरी होती, तरी परतला. नागभीडच्या बाजारात मिरच्यांच्या ढिगापाशी पहिली उबळ आली. घरी आणलं, तर दुसऱ्या दिवशी बोलता येईना. एक शब्द, मग श्वास, मग दुसरा शब्द. ओठ काळवंडले. पोचूनं हात जोडले. मुखरूनं बैलगाडी जुंपली, आणि सोमाजी तिला नागभीड स्टेशनवरून छोट्या गाडीनं चांद्याला घेऊन निघाला. सगळ्या वाटेत ती खिडकीचे गज धरून, पुढं वाकून बसली. सोमाजी टॉवेलानं वारा घालत होता. सोबतच्या मंडळींना काहीबाही सांगत होता. ती कुणाचं ऐकत नव्हती. पुढचा श्वास एवढंच तिचं जग होतं.

चांद्याच्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी दंडात सुई टोचली. मनकर्णाचं काळीज असं धडधडू लागलं की आता हेही फुटतं की काय असं तिला वाटलं. हात कापू लागले. आणि त्या कापऱ्यातच छातीचं दार उघडलं. ती रडू लागली. बरं वाटलं म्हणून रडते की घाबरून, ते तिला सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरीणबाई खाटेपाशी स्टूल घेऊन बसल्या. सोमाजी पायथ्याशी उभा होता.

"लहानपणी कधी असा दम लागायचा का?"

मनकर्णानं सोमाजीकडे पाहिलं. मग छताकडे पाहिलं. दोन दिवस श्वासासाठी धडपडल्यावर खोटं बोलायला लागणारी ताकद तिच्यात उरली नव्हती.

"लागे," ती म्हणाली. "लय लागे. मंग गेला. लग्नाच्या आधी."

सोमाजी तिच्याकडे असा पाहत राहिला, जसं त्या खाटेवर दुसरीच कुणी बाई निजली आहे.

डॉक्टरीणबाईंनी त्याला बाहेर बसायला सांगितलं आणि मग पाळीचं विचारलं. वेळेवर येते का, आणि त्याआधी दम वाढतो का. मनकर्णा उठूनच बसली. "तुमाले कोणं सांगतलं?"

"कुणी नाही. बऱ्याच बायकांचं असं होतं. आणि पाळी जायचं वय जवळ आलं की काही जणींचा जुना दमा पुन्हा जागा होतो. कधी सर्दी-तापाचं निमित्त होतं, कधी धुळीचं. कधी निमित्त सापडतच नाही."

"पण हा तोच हाय काय?" मनकर्णानं विचारलं. वर्षभर मनात घोळणारा प्रश्न असा सहज तोंडून निघाला. "तो असा नोता, बाई. तो येऊन जाये. हा घर करून बसते."

"तोच असावा. माणसाचं वय बदलतं तसा तोही बदलतो. पोरपणी झटके देऊन जातो. मग काहींचा वर्षानुवर्षं झोपून राहतो, काहींचा कायमचा जातो. मोठेपणी उठला की सहसा रेंगाळतो."

"आता जाईन काय?"

"खोटं नाही सांगत. मला माहीत नाही. कमी होईल, वाढेल, आणखी वेगळा होईल. आपण गोळ्या देऊ. धूळ आणि धूर टाळा."

"सून घरात आल्यानं होते काय?"

"सून काय करते? मिरच्या जाळते?"

मनकर्णाला हसू आलं. हसताना खोकला आला, पण तो साधा खोकला होता.

परतीच्या गाडीत मूल स्टेशन मागं पडलं. मग सोमाजी खिडकीबाहेर बघत म्हणाला, "मले नाई सांगतलं तू."

"मायनं नको म्हटलं होतं. अन् सांगू काय? होता कुठी सांगाले?"

"तेच मी इचार करून राह्यलो." सोमाजीच्या आवाजात राग असेल असं तिला वाटलं होतं, पण त्यात नुसता बुचकळा होता. "पंचवीस वर्षं. तुह्या आंगात होता म्हणते डॉक्टरीण. मी तुह्यासोबत राह्यलो, मले नाई दिसला. मंग तो गेला कुठी होता?"

"मले काय माहीत, अजी."

"नाई, पण गेला कुठी होता?" त्यानं पुन्हा विचारलं. नागभीड येईपर्यंत तो मधून-मधून तेच विचारत राहिला. कधी तिला, कधी स्वतःला.

मृग संपता-संपता, अंगात थोडी ताकद आल्यावर, मनकर्णा मुखरूच्या गाडीतून सावलीकडं रंभाच्या माहेरी गेली. आपण गेलो की पोरगी धावत येईल असं तिला वाटलं होतं. रंभा तिला पाहून आंगणाच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन उभी राहिली.

"तुमी काऊन आल्या, बाई? तुमचा दम दाटन."

"इकडे ये."

"नाई येत."

मग मनकर्णानं तिथूनच, आंगणाच्या अल्याडून, सगळं सांगितलं. आरमोरीचं, खांबाचं, धुराचं, मायच्या शब्दांचं. रंभाचे मायबाप ओसरीवर बसून ऐकत होते. व्याह्यांपुढं हे बोलायचं म्हणजे काय, हे तिला कळत होतं. रंभानं सगळं ऐकलं, पण ती काही हलली नाही.

"मंग मी आल्यावरच काऊन उठला?" ती म्हणाली.

"तेच मले नाई समजलं."

"अन् मी इकडे आली, तं सुटला काऊन?"

"तेबी नाई समजलं. पण तू इथी असतानाच जेठात मी मरता-मरता वाचली, ते तं खरं हाय ना?"

रंभा विचारात पडली. तिनं स्वतःबद्दल मनात एक हिशेब पक्का केला होता. तो चुकीचा निघाला याचा आनंद व्हावा, तर तिच्या चेहऱ्यावर आनंद दिसेना. मनकर्णाला ते ओळखीचं वाटलं. कारण कळलेलं असलं, मग ते कितीही वाईट असो, तर माणसाला धरायला काहीतरी असतं. आता दोघींच्याही हातात काहीच उरलं नव्हतं.

त्या दिवशी मनकर्णा तिथंच राहिली. श्वास अगदी ठीक होता. रंभा हळूहळू जवळ आली, जेवायला शेजारी बसली. सकाळी उठल्यावर मात्र दोघी ओसरीत बोलत असतानाच मनकर्णाची छाती आवळू लागली. सीटी वाजली. रंभाचा चेहरा पांढरा पडला. ती झटक्यात उठली, पण मनकर्णानं तिचा पदर मुठीत धरला.

"बस... इथीच."

"बाई, सोडा, मी जातो..."

"गोळी... दे. पिशवीत. अन् बस."

रंभानं पिशवीतून गोळी काढून दिली, पाणी पाजलं, आणि रडत बसून राहिली. पदर सुटत नव्हता म्हणून बसली. मनकर्णा तिच्या खांद्याला रेलली. चूल पेटली, भात चढला, उतरला. तेवढ्या वेळात काळीज धडधडू लागलं, बोटं थरथरली, आणि श्वास एकेक पायरी उतरत खाली आला. रंभा अंगाला अंग लावून बसलेलीच होती.

"सुटला?" रंभानं विचारलं.

"सुटला."

"मी इथी असून?"

"तू इथी असून."

रंभानं नाक पुसलं. "गोळीनं सुटला असन."

"असन," मनकर्णा म्हणाली. संध्याकाळी त्या एकाच गाडीतून परत निघाल्या.

नीलाबाईनं पुढं काही दिवस वाट पाहिली. तिला दोन्हीकडून साक्षी मिळत राहिल्या. रंभा घरात असताना कधी मनकर्णा महिना-महिना बरी असायची, कधी आठ दिवस अंथरुणाला. शेवटी नीलाबाईला त्यातून काही निघेना, तेव्हा तिनं ते सोडून गावातली दुसरी सून धरली. रंभाच्या तेलाची बाटली परत कोनाड्यात आली, पण मधूनच ती बाटली उघडायच्या आधी सासूकडे पाहून घ्यायची. ती सवय तिची गेली नाही.

गोळ्यांचंही तसंच. दम सुटायचा, पण हात असे थरथरायचे की भाताचं पाणी वेळताना सांडायचं, आणि झोप उडायची. कधीकधी मनकर्णाला कळायचं नाही की काळीज गोळीनं धडधडतंय की भीतीनं. चांद्याच्या डॉक्टरीणबाईंनी अर्धी गोळी घ्यायला सांगितली. तेवढीच तिला मानवली.

छप्पन साली, चांदा जिल्हा मुंबई राज्यात गेला त्या सुमारास, मनकर्णाची पाळी थांबली. तिला वाटलं, आता त्या दिवसांचा ताप गेला, दमाही जाईल. दमा गेला नाही, त्यानं नुसती चाल बदलली. ते मोठे, जीव घेऊ पाहणारे झटके थांबले. त्याऐवजी रोज सकाळी चिकट बेडका, चार पावलं चढ चढला की धाप, आणि पूर्वी जो श्वास फुकट मिळायचा त्यात कायमची थोडी तूट. हे बरं की वाईट? सोमाजी म्हणे बरं. मनकर्णाला वाटे, पूर्वी मधल्या दिवसांत आपण पुरते निरोगी असायचो. आता पुरते आजारीही नाही आणि पुरते बरेही नाही. डॉक्टरीणबाईंची बदली झाली होती. नव्या डॉक्टरांनी छाती ऐकली आणि त्याच गोळ्या दिल्या.

मग एकोणसाठची थंडी आली, आणि त्या थंडीत काहीच झालं नाही. पूस गेला, माघ सरत आला. बेडका नाही, सीटी नाही. सगळे खूश. मनकर्णाला मात्र चैन पडेना. पहाटे उठून ती कान देऊन बसायची. आपल्याच छातीत कुणी दडून बसलंय का, हे ऐकायची. सोमाजी म्हणाला, "इतकी बरी हायस, तं मार्कंड्याच्या जत्रेले जाऊ."

महाशिवरात्रीला वैनगंगेच्या काठी मार्कंड्याला माणसांचा पूर असतो. बैलगाड्यांची धूळ, जागोजागी पेटलेल्या चुली, उदबत्त्या, भज्यांचा धूर. रंभानं गोळ्यांची पुडी सासूच्या पदराला बांधली आणि क्षणभरही तिला सोडलं नाही. मनकर्णा तयारीनं चालत होती. आता येईल, या गर्दीत येईल, त्या धुरात येईल. नदीत डुबकी मारली, तरी आला नाही. देवळाच्या पायऱ्या चढली, थोडी धाप लागली, एवढंच. परतताना ती गाडीत रेवड्या खात होती.

घरी येऊन चौथ्या दिवशी, हवा स्वच्छ, आभाळ निळं, कुठं धूळ नाही, ती सारवलेल्या ओसरीवर नुसती बसली होती. आणि दमा आला.

सोमाजी भडकला. जणू दमा समोर उभा आहे, असा हातवारे करून बोलू लागला. "मार्कंड्याले तं आला नाई! तिकडे एवढी धूळ होती, तिकडे काऊन नाई आला? इथी बसल्या बाईले धरते?"

मनकर्णाला हसू फुटलं. हसता येत नव्हतं तरी ती हसत होती, आणि हसण्यानं दम आणखी लागत होता. रंभा अर्धी गोळी आणि पाणी घेऊन आली, तीही हसू लागली, पूर्वीसारखी मोठ्यानं. सोमाजीला कळेना की या दोघींना झालं तरी काय. तो ओसरीच्या कडेला बसून त्यांच्याकडे पाहत राहिला.

श्वास सुटायला दुपार लागली. तोवर रंभानं आंगणात वड्या वाळत घातल्या, आणि मनकर्णा खांबाशी न टेकता, मांडी घालून, कावळे हाकलत बसली होती.